पायगुण

संध्याकाळी सहाला मी डावी पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो,
तिवईवर बसतो, पाय पुढे करतो
आणि वाट बघतो, कोण चावायला येतंय.

हे माझं काम. महिन्यातल्या आठ रात्री.
केंद्रवाले आधी रक्त तपासतात, गोळ्या देतात, सही घेतात.
तासातली पंचेचाळीस मिनिटं पाय त्यांचा,
उरलेली पंधरा माझा.

लवेतला एकच केस हलल्यासारखा वाटतो.
तेवढ्यात टॉर्च, तेवढ्यात काचेची नळी तिच्यावर,
आणि ओठांनी एक झुरका.
मध्ये जाळीचा तुकडा आहे म्हणून,
नाहीतर किती गिळल्या असत्या या खोऱ्यातल्या!
आमच्या भाषेत डासाला म्बू म्हणतात,
ओठ मिटल्याशिवाय उच्चारताच येत नाही.

डोकं खाली, शेपूट वर, पाया पडल्यासारखी बसते
ती आपली.
सपाट बसते ती दुसरी, ती नुसती झोप खाते.
नर येतच नाहीत. त्यांचं पोट फुलांवर भरतं.

दर तासाचा एक कागदी पेला, वर पेनाने वेळ.
सकाळी एडिथा लिपांगिले त्या सुईने उघडते,
खसखशीएवढं पोट भिंगाखाली धरते
आणि वय सांगते.
मीच विचारलं होतं, सगळ्या कधी संपणार?
म्हणाली, संपवायच्या कशाला?
ताप तिच्या पोटात पिकायला दहा-बारा दिवस घेतो.
भिंतीवरच्या औषधाने ती नवव्या दिवशी पडली
तर ती नुसतीच चावून गेली.
त्यांना म्हातारपण येऊ द्यायचं नाही, बास.

धाकटा भाऊ झटके देत गेला, मी सहा वर्षांचा.
आई म्हणाली, डेगेडेगे, पाखराची सावली पडली पोरावर.
बाप रात्रभर छपरावर दगड मारत होता.
पाखरू होतंच.
फक्त ते शोधत होते तेवढं मोठं नव्हतं.

मग मच्छरदाण्या आल्या, निळ्या, औषधात बुडवलेल्या.
फवारणीवाले आले, आम्ही भांडीकुंडी अंगणात मांडली
आणि ढेकूण वाढले म्हणून त्यांना शिव्या दिल्या.
दिवसा मी डाव घेऊन भातखाचरांकडे जातो,
गुरांच्या खुरांत साचलेलं पाणी ढवळून बघतो,
ओंजळभर पाण्यात वळवळणारी पुढची पिढी मोजतो.
मोजणं मला येतं. बाकीचं एडिथाला.

म्हणून सांगतो,
पूर्वी मध्यरात्रीचा पेला जड असायचा.
माणसं झोपलेली, तेव्हा तीही निवांत यायची.
आता आपण जाळीत शिरतो हे तिला कळलंय की काय,
की जाळीत येणाऱ्या मेल्या आणि लवकर येणाऱ्या उरल्या,
एडिथा म्हणते दुसरं.
मला इतकंच दिसतं की
या वर्षी आठचा पेला भरतो.

आज पाळी आमच्याच अंगणाची.
आठ वाजलेत. चार हातांवर
माझी मुलगी भांडी घासते आहे, राखेत हात,
पाय उघडे.
तिचं नाव सिकुजुआ. म्हणजे, मला ठाऊक नव्हतं.
नाव बायकोने ठेवलं, का ते सांगितलं नाही.

आत जा, म्हणतो.
दोनच राहिलीत, म्हणते.
जाळी मी स्वतः बांधलीय, चारी कोपरे गादीखाली,
पण जाळी दहाची आहे आणि ही वेळ आठची.
चूल लवकर पेटव म्हणालो तेव्हा बायको हसली,
शेतातून सहाला येते, डासांना विचारून येऊ?
तुझाच पायगुण, म्हणाली, अख्ख्या गावच्या माश्या-डास
आपल्या दारात.

असेल. असू दे तसंच.

माझ्या पायावर बसते ती नळीत जाते.
तिच्या पायावर बसते
तिची वहीत नोंद नाही.
दिवा नाही, वारा नाही, दोन माणसांचा वास,
आणि निवड तिची.

पातेलं अजून खरवडलं जातंय. तळाशी भात लागलाय.
आठचा पेला, सव्वीस.
नियमात एकच पाय लिहिलाय.

मी उजवी पँटही दुमडतो.